चौदा मिलीसेकंद

नासुफने फोनमध्ये भरून आणला तो मुसळाचा आवाज,
मोइनाएशा मावशीच्या स्वयंपाकघरातला.
मार्सेयची उत्तरेकडची वस्ती, नववा मजला, लिफ्ट बंद.
उखळात काही नव्हतं, तो म्हणाला,
कोमोरोसच्या बायका लग्नात नाचत नाचत कांडतात
तसं तिने नुसतं करून दाखवलं.
आणि खालचे शेजारी छताला झाडू मारतात म्हणून
उखळाखाली आधी जुनी रजई घातली.
तोच आमचा ठोका झाला.
रजईसकट.

एकशे बावीसच्या गतीत मी तो मांडला
पडद्यावरच्या घरांत, घरटी एक,
सारीपाटावरच्या सोंगटीसारखा.
वर ओरानच्या एका ट्रकवाल्याने वाजवलेल्या लोखंडी चकत्या,
खाली बंदरातल्या क्रेनचा रात्री तीनचा घुमारा,
अर्ध्या सुराने चढवून.
सातव्या गाण्याला माणूस हवा होता.

वाहराम आला दुकान बंद करून,
बोटांना डिंकाचा वास.
जर्दाळूच्या लाकडाचा दुदुक कोटाच्या अस्तरातून काढला,
पत्ती पाण्यात धरली,
चामडं मऊ पडायची वाट बघतात तेवढा वेळ,
आणि वाजवलं, डोळे उघडे ठेवून.
एकदाच.
पुन्हा घेऊ या म्हटलं तर म्हणाला,
कशाला? आणखी कोणी गेलं का?

मी मोजलं. तो जागोजागी मागे होता.
चौदा मिलीसेकंद.
पापणी लवायला याच्या दहापट लागतात.

एक कळ असते. दाबली की सगळे सूर
शाळेची घंटा झाल्यासारखे रांगेत येतात.
दाबली.
नासुफ जिन्यात सिगारेट ओढून आत आला,
उभ्या उभ्या चार मात्रा ऐकल्या,
म्हणाला, म्हातारा कुठे गेला?

मी दुकानात फोन लावला. विचारलं,
तुम्ही मागे का राहता?
पलीकडे यंत्राची घरघर. मग:
मागे नाही राहत. हे चालताना वाजवायचं असतं,
आणि पुढच्या चौघांच्या खांद्यावर वजन असतं.

त्या रात्री आम्ही उलटं काम केलं.
सूर जागचे हलवले नाहीत, मुसळ हलवलं.
एकेक ठोका चिमटीत धरून मागे,
कुठे नऊ, कुठे चौदा, कुठे अकरा,
आणि एका ठिकाणी एकतीस,
जिथे त्याला खोकला आला होता.
खोकलाही ठेवला.
पहाटेपर्यंत कान असे झाले
की फ्रिजसुद्धा उशिरा सुरू झाल्यासारखा वाटला.

मे महिन्यात, जोलिएतच्या गोदामात, सहाशे माणसं.
धूर, घाम, सांडलेल्या बिअरने चिकट झालेली फरशी.
सातवं गाणं लागलं.
मी फक्त त्या जागेची वाट बघत होते.
आली,
आणि सहाशे पाय हवेत थांबले,
जेमतेम, त्यांचं त्यांनाही न कळता,
एका जोडे शिवणाऱ्याला खोकू देण्यासाठी.
मग मुसळ पडलं. रजईवर.
सगळे खाली आले.

मावशी आत होती, अगदी मधोमध,
पदर कमरेला, कोपरांनी जागा करत.
वाहराम दारापाशी, कानात कापसाचे बोळे.
त्याने चेहरे पाहिलेच नाहीत, नुसते पाय.
मला वाटलं, आता बोलेल,
मयताच्या सुरावर नाचता म्हणून.
त्याने एक बोळा काढला.
टाचा जाणार यांच्या, म्हणाला. सोमवारी गर्दी.

सोमवारी मीही गेले, डावा बूट घेऊन.
रांगेत माझ्यापुढे पाच जण, सगळे झोपाळलेले.
तो खिळे ओठांत धरून ठोकत होता.
सवयीने मोजलं.
ठक. ठक. ठक.
एका मिलीसेकंदाचाही फरक नाही.